वाढवून लिहिलेलं वजन

प्रेमिला लांजेवारच्या मोबाइलवर ‘हलकं’ नावाचं अॅप टाकून दिलं ते तिच्या लेकीनं, मयुरानं. मयुरा पुण्यात नोकरीला होती. दिवाळीत नागपूरला आली तेव्हा आई गच्चीवर वाळवण घालायला जाताना जिन्यात थांबून थांबून चढते, हे तिच्या लक्षात आलं. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टर वर्षभर सांगत होते. साखरही काठावर आली होती. मयुरानं वजनकाटा आणला, अॅपची वर्षाची फी भरली आणि आईच्या खात्याला आपला नंबर जोडून घेतला. आईनं इकडे वजन लिहिलं की तिकडे पुण्यात तिला दिसायचं.

प्रेमिलानं ते सगळं इमानदारीनं केलं. नंदनवनातल्या घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. मशीनवर बसून बसूनच आपण सुटलो, असं ती स्वतःच म्हणायची. तिनं रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली, संध्याकाळी बगिच्यात चकरा मारू लागली. जे खाल्लं ते अॅपमध्ये लिहायची, अगदी गिऱ्हाइकानं आणलेला पेढासुद्धा. तरी हिवाळाभर काटा जेमतेम किलोभर हलला. मयुरा फोनवर धीर द्यायची. हळूहळू होते आई, सोडू नको, म्हणायची.

होळीनंतर मात्र वजन उतरू लागलं. दर सोमवारी काट्यावर उभं राहिलं की आकडा खाली. आकडा लिहिला की मोबाइलच्या पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे आणि ‘शाब्बास प्रेमिला’ अशी अक्षरं यायची. पहिले दोन-तीन आठवडे तिला हरखून गेल्यासारखं झालं. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका विचारायच्या, ताई, काय करता हो, आम्हालाही सांगा. नवरा कृष्णकांत मौद्याच्या वीज केंद्रात कामाला होता, पहाटे बसनं जायचा. त्यानं त्या बसमध्ये सगळ्यांना बायकोचं कौतुक सांगितल्याचं शेजारणीकडून तिच्या कानावर आलं.

एप्रिलमध्ये उमरेडला भाच्याचं लग्न होतं. मांडवात तिची म्हातारी मावशी खुर्चीवर बसली होती. प्रेमिला पाया पडली तशी मावशीनं तिची हनुवटी धरली, तोंड न्याहाळलं आणि कौतुकानंच म्हणाली, “आता कशी सुमतीसारखी दिसून राहिली वं तू.”

सुमती म्हणजे प्रेमिलाची मोठी बहीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तीही अशीच एका उन्हाळ्यात बारीक झाली होती. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं आणि सगळ्यात जास्त प्रेमिलानं. सुमतीताईचे ब्लाउज तिनंच उसवून आत घेतले होते, हसत हसत. दिवाळीपर्यंत पोटात गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले फार पसरली आहे, आणि संक्रांत काही सुमतीनं पाहिली नाही.

मावशीचा हात हनुवटीवरून गेला तरी प्रेमिला तशीच वाकून उभी होती. नंतर जेवणाच्या पंगतीत तिच्यासमोर वाढलेलं होतं ते तिनं सगळं संपवलं आणि आणखी मागून घेतलं. घास गिळताना तिच्या मनात एकच हिशेब चालू होता. होळीपासून लग्नाच्या ऑर्डरींमुळे आपण बगिच्यात गेलोच नाही. भूक तर अशी लागते की दुपारी चारला पुन्हा भाकरी खावी लागते. हल्ली अॅपमध्ये आपण लिहितो त्यापेक्षा कितीतरी जास्त खातो. मग हे वजन जाते कुठे?

दुसऱ्या दिवसापासून तिनं वजनाचं हे उतरणं थांबवायचं ठरवलं. ज्या चिकाटीनं तिनं भात सोडला होता त्याच चिकाटीनं ती खाऊ लागली. वाटीभर आमरस, त्यावर तूप. वडाभातावर ओंजळभर फोडणीचं तेल. झोपताना साय घातलेलं दूध. कृष्णकांत म्हणाला, डाएट सोडलं का काय? ती म्हणाली, थोडे दिवस सुट्टी. सोमवारी ती काट्यावर चढली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. उघडून पाहिलं तर आणखी दीड किलो गेलं होतं.

मोबाइल हातात होता. आकडा लिहिला की पुन्हा ते रंगीत कागद उडणार, पुन्हा शाब्बास. आणि पुण्यात मयुरा बघणार. पोरगी हुशार आहे, एका आठवड्यात इतकं काहून उतरलं म्हणून विचारेल. विचारलं की आपल्याला सांगावं लागेल. सांगितलं की दवाखाना, तपासण्या, आणि मग सुमतीताईचं जे झालं ते सगळं पहिल्यापासून. प्रेमिलानं खऱ्या आकड्यात दोन किलो मिळवले आणि लिहून टाकलं. कागद उडाले नाहीत. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

त्यानंतर ती दर आठवड्याला वाढवूनच लिहू लागली. काट्यावर वजन उतरत होतं आणि अॅपमध्ये चढत होतं. स्वतःचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले तेव्हा तिनं दुपारी दार लोटून घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या टिपा उसवून आत घेतल्या. वरून पदर घट्ट लपेटून घेऊ लागली. मे महिन्याचं ऊन असं होतं की अख्खं नागपूर घामेजलेलं. त्यामुळे आपल्यालाच इतकं गरम का होते, कूलरसमोर बसूनही कपाळावरून धार का लागते, हे तिनं कुणाला विचारलं नाही. रात्री डोळा लागत नसे. छातीत धडधडायचं, इतकं की शेजारी झोपलेल्या कृष्णकांतला ऐकू जाईल असं तिला वाटायचं. ती कूस बदलून पोटावर हात ठेवायची आणि बोटांनी चाचपत राहायची. एखादी जागा कडक लागली की श्वास अडकायचा. मग कळायचं, ती बरगडी आहे.

मयुराचा फोन आला तो रागातच. “आई, तू काय करून राहिली? आठ दिवसांत पुन्हा दीड किलो वाढलं तुझं. आमरस सुरू केला ना?”

प्रेमिला हो म्हणाली. आंबे चांगले आले यंदा, म्हणाली. लेक बराच वेळ बोलत राहिली, गुडघ्यांबद्दल, साखरेबद्दल, स्वतःच्या तब्येतीची काळजी नसण्याबद्दल. प्रेमिला ऐकत होती. लेकीची ती बोलणी तिला गोडच वाटत होती, कारण त्यात नुसतं लठ्ठ आईला रागावणं होतं. जूनमध्ये मयुरा येणार होती. तोवर काय करायचं, याचा विचार प्रेमिला पुढे ढकलत राहिली.

मग हात कापायला लागले. आधी सुईत दोरा जाईना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तिनं मनाची समजूत घातली. पण एका दुपारी कात्री धरलेला हात तिला दिसला. बोटं बारीक थरथरत होती. तिनं कात्री खाली ठेवली, हात मांडीवर दाबून धरला, सोडला, तरी ते तसंच. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक नवरीचा ब्लाउज परत घेऊन आलं. पाठीच्या गळ्याची टीप वाकडी गेली होती, लहान पोरानं मारल्यासारखी. त्या बाई काही वाईट बोलल्या नाहीत. ताई, तुमच्या हातून असं कधी होत नाही म्हणून आणलं, एवढंच म्हणाल्या. प्रेमिलानं ब्लाउज ठेवून घेतला. तिला दरदरून घाम फुटला होता. तिची कमाई, तिचं कसब, सगळं त्या हातांत होतं, आणि आता ते दुखणं तिथंही येऊन पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ऑटोनं सक्करदऱ्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. नंबर घेतला, बाकावर बसली. समोर एक म्हातारा माणूस बसला होता, सदऱ्याच्या सैल गळ्यातून मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि त्याची सून त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. प्रेमिलाला सुमतीताईच्या शेवटच्या दिवसांतली पाठ आठवली, मणके मोजून घ्यावे अशी. कंपाउंडरनं तिचं नाव पुकारलं. ती उठली. दोन पावलं केबिनच्या दिशेनं गेली. मग वळली आणि दाराबाहेर पडली. मागून पुन्हा नाव पुकारल्याचं तिनं ऐकलं, पण चालत राहिली, भर उन्हात, चप्पल डांबराला चिकटत होती तरी. मग एका बंद दुकानाच्या शटरला टेकून ती उभी राहिली. सांगितलं नाही तोवर ते खरं नाही, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं. ते खोटं आहे हेही तिला कळत होतं, आणि कळत असल्यामुळेच भीती आणखी वाढत होती.

त्याच आठवड्यात अॅपकडून फोन आला. वजन उतरायच्या ऐवजी चढू लागलं की त्यांच्याकडची एक मुलगी फोन करायची, खाण्यापिण्याचं विचारायची. नूपुर तिचं नाव. हिवाळ्यात तिचे दोन-तीन फोन येऊन गेले होते. प्रेमिला मशीनसमोर बसली होती. नूपुर गोड आवाजात म्हणाली की ताई, एका महिन्यापासून तुमचं वजन सारखं वाढतंय, आपण पुन्हा नीट सुरुवात करू या का, रोजचं काय काय खाता ते मला खरं खरं सांगा.

खरं खरं, हे ऐकून प्रेमिलानं हातातलं कापड खाली ठेवलं. समोर कुणी नव्हतं. त्या मुलीचा चेहराही तिनं कधी पाहिला नव्हता.

“मी खोटं लिहून राहिली,” ती म्हणाली.

नूपुर म्हणाली, बरेच जण लिहितात ताई, कमी करून लिहितात, त्यात लाजायचं काही नाही.

“कमी नाही. वाढवून लिहिते. वजन उतरून राहिलं माझं. मी खाते, खूप खाते, तरी उतरते. हात कापतात. माझी बहीण अशीच गेली.” तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. “मले भेव लागते वं पोरी.”

 नूपुरच्या मागे दुसऱ्या कुणाकुणाचे फोनवरचे आवाज ऐकू येत होते. नूपुर बोलली तेव्हा तिचा तो गोड आवाज नव्हता. अगदी साधं, घरातलं बोलल्यासारखी बोलली. “ताई, मला यातलं काही कळत नाही. मी पाणी प्या, झोप घ्या, एवढंच सांगू शकते. घरी कुणाला माहीत आहे?”

“कोणालेच नाही.”

“मग आज सांगा. डॉक्टरकडे एकट्या जाऊ नका, कुणाला तरी घेऊन जा. तुमचा प्लॅन मी थांबवते आहे. आता वजन लिहायचं नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही.” थोडं थांबून तिनं विचारलं, “आज सांगाल ना?”

प्रेमिलानं हो म्हटलं.

मौद्याची बस कामावरच्या लोकांना संध्याकाळी चौकात सोडायची. कृष्णकांत घरी आला, हातपाय धुऊन बसला. तिनं चहा ठेवला. चहा देताना कप बशीवर वाजायला लागला, आणि तिनं तो लपवायचा प्रयत्न केला नाही. कप त्याच्यासमोर ठेवून ती खालीच बसली आणि सांगायला लागली. वजनाचं, आत घेतलेल्या ब्लाउजांचं, दवाखान्यातून पळून आल्याचं. मयुराला खोटं कळवल्याचंही. तो चिडेल असं तिला वाटत होतं.

कृष्णकांतनं सगळं ऐकून घेतलं. चहा गार होत होता. कप बाजूला सारून तो म्हणाला, “मले दिसत होतं.”

तिनं वर पाहिलं.

“महिना झाला. तू झोपत नाही ते माहीत होतं मले. तुझ्या खांद्याची हाडं हाताले लागत होती.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “विचारलं तर तू सांगशील, याचंच भेव वाटे. सुमतीताईच्या वेळी नागपुरातला एकएक दवाखाना मीच पालथा घातला होता ना. म्हणून बोललो नाही. सकाळी बसमध्ये बसलो की वाटे, आज घरी गेलो की विचारू. अन् घरी आलो की चहा पिऊन गप्पच बसत होतो.”

 एकाच घरात, एकाच अंथरुणावर आपण दोघं एकाच गोष्टीला भीत पडलो होतो, हे कळल्यावर प्रेमिलाला रडू आलं. कृष्णकांतनं तिचा हात धरला. तो थरथरणारा हात त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिला.

सकाळी त्यानं सुट्टी टाकली आणि तिला स्कूटरवर बसवून सक्करदऱ्याला नेलं. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग नाडी पाहिली, पुन्हा घड्याळ लावून पाहिली. मागून येऊन तिच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि आवंढा गिळायला सांगितलं.  रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. कृष्णकांतनं सुमतीचं सांगितल्यावर पोटाची सोनोग्राफीही लिहिली. सदर भागातल्या तपासणी केंद्रात जाऊन त्यांनी त्या करून घेतल्या. टेबलावर ती पडली होती तेव्हा पोटावर ते गार यंत्र फिरत होतं आणि प्रेमिला तपासणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे बघत होती. एका ठिकाणी यंत्र थांबलं, परत फिरलं, परत तिथंच आलं. त्या बाईंच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

रिपोर्ट यायचे होते तोवरचा वेळ कसा गेला ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. तिनं मयुराच्या खोलीतलं कपाट आवरलं. स्वतःच्या साड्यांच्या दोन चवडी केल्या. एक मयुरासाठी, एक जावेसाठी. कृष्णकांतनं ते पाहिलं आणि त्या दोन्ही चवडी एक करून परत कपाटात ठेवल्या. मग दवाखान्यातून फोन आला. रिपोर्ट आले आहेत, डॉक्टरांनी आजच बोलावलं आहे, थांबू नका, असं कंपाउंडर म्हणाला. आजच या म्हटलं म्हणजे काय, हे त्या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. स्कूटरवर तिनं त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता.

डॉक्टर म्हणाले, पोट साफ आहे. तिला ते ऐकूच आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. पोटात काही नाही. मग त्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. इथं थायरॉइडची ग्रंथी असते. तुमची फार जास्त काम करते आहे, म्हणून खाल्लेलं सगळं जळून जातं, घाम येतो, हात कापतात, झोप लागत नाही. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण वेळ लागेल आणि धंतोलीतल्या तज्ज्ञांकडे जावं लागेल. रिपोर्ट येताच लगेच बोलावलं ते त्या दिवशी पाहिलेल्या नाडीमुळे. तुमचं हृदय पळणाऱ्या माणसासारखं धावतंय, ठोके मधूनच चुकताहेत. असंच आणखी दोन-चार महिने अंगावर काढलं असतं तर ते हृदयावर बेतलं असतं.

“त्या दिवशी नंबर घेऊन निघून गेल्या तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. “काहून?”

प्रेमिलानं रिपोर्ट उचलून पिशवीत ठेवले. बाहेर आल्यावर स्कूटरपाशी कृष्णकांतच्या हातातली किल्ली भोकात जाईना. दोनदा, तीनदा प्रयत्न करून तो थांबला, सीटवर डोकं टेकलं आणि त्याची पाठ हुंदक्यानं हलली.  रस्त्यावरची माणसं बघत होती. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मयुराला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. ती आधी खूप चिडली, मग रडली, आणि दोन दिवसांनी पुण्याहून येऊन उभी राहिली. आईला दारात पाहिलं तशी ती चप्पल न काढताच तिच्या गळ्यात पडली.

गोळ्या सुरू झाल्या. हात शांत व्हायला पावसाळा लागला, झोप त्याआधीच आली. पण धंतोलीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून देताना बजावलं होतं की ताप आला किंवा घसा दुखला तर एक दिवसही थांबायचं नाही. क्वचित कुणाला या गोळीनं रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग लगेच तपासणी करावी लागते. त्यामुळे भीती घरातून पुरती गेली अशातला भाग नव्हता. घशात जरा खरखरलं तरी प्रेमिला थर्मामीटर लावून बघायची.

ऑगस्टमधल्या एका सकाळी उजाडताच ती उठली तर घसा दुखत होता. ती ओट्यापाशी उभी राहिली. घोट घेऊन पाहिला, पुन्हा घेऊन पाहिला. थोडी वाट पाहावी, दुपारपर्यंत कळेलच, असं मनात आलं. कृष्णकांत बसच्या घाईत बुटाची लेस बांधत होता. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “माझा घसा दुखून राहिला. मले भेव लागते.”

त्यानं वर पाहिलं, लेस सोडली आणि बूट काढून ठेवले. चल, म्हणाला.